चोवीस इंची पेडणेकरकाका

रविवार, १३ फेब्रुवारी. सकाळी साडेसहा. जागा: आमच्या चाळीचं आवार, लालबाग. हजर: मी, पहिल्या मजल्यावरचा नंदू, चिंचपोकळी स्टेशनजवळचे सायकलवाले इक्बालभाई आणि सायकल ग्रुपातली आठ माणसं. न बोलावता हजर: तळमजल्यावरचे पेडणेकरकाका, स्वतःची टेप घेऊन.

मी चाळीची सेक्रेटरी. सायकल ग्रुपही मीच चालवते, त्यामुळे कोण आलं, कोण नाही, हे लिहून ठेवायची सवय आहे. त्या दिवशी मापं घ्यायची होती. ग्रुपातल्या कोणाच्या हाताला मुंग्या यायच्या, कोणाची मान धरायची, कोणाचा गुडघा बोलायचा. इक्बालभाई म्हणाले होते, "ताई, पहिले आदमी को मापो, फिर सायकल को. सब लोग रंग देखके लेते हैं." त्यात तथ्य वाटलं म्हणून त्यांनाच बोलावलं.

काकांनी आवारात पाऊल टाकलं ते थेट मुद्द्यावर.

"टेप कोणाची?"

"इक्बालभाईंची," मी म्हटलं.

"म्हणजे दुकानदाराची टेप, माप घेणार दुकानदार, आणि माप चुकीचं निघालं की नवीन सायकल विकणार तोही दुकानदारच. वा!"

त्यांनी खिशातून आपली पोलादी टेप काढली आणि इक्बालभाईंच्या कापडी टेपेशेजारी ओट्यावर पसरली. दोन्ही टोकं तपासली. मधले आकडेही तपासले. टेपा तंतोतंत जुळल्या. एखाद्याचं समाधान झालं असतं. काका टेप गुंडाळत म्हणाले, "आज जुळली."

पेडणेकरकाका जकात नाक्यावर तपासनीस होते. जकात गेली, नाके गेले, त्याच्या कितीतरी आधी काका निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. कागदावर लिहिलेलं आणि खोक्यात असलेलं एकच असतं, यावर त्यांचा कधी विश्वासच बसला नाही. कोणीही काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न: "आत काय आहे?" लग्नाची पत्रिका आली की आधी उलटी करून छापखाना कुठला ते बघायचे. औषध घेतलं की दुसऱ्या दुकानात जाऊन दाखवून यायचे. दारावर टकटक झाली की आतून "कोण?" विचारायचे, उत्तर मिळालं की खिडकीत येऊन खरंच तोच माणूस आहे का ते बघायचे, आणि मग कडी काढायचे. चहा दिला तर समोरच्याने घोट घेईपर्यंत थांबायचे. नंदूने एकदा छेडलं, "काय काका, विष घातलंय वाटतं?" तर म्हणाले, "गरम असतो रे."

अंगाने बारीक, उंचीने बेताचे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पँटच्या उजव्या पायाला क्लिप. आणि सायकल मात्र काळी, डबल दांडीची, चोवीस इंची फ्रेमची. उंच माणसासाठी बनवलेली. ती चालवताना काका दुरून तिच्यावर टांगलेल्या पिशवीसारखे दिसायचे.

त्या सकाळी त्यांचंही माप घेतलं. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं, अशी रीत. काकांनी आधी पुस्तक मागून घेतलं आणि उघडून बघितलं. चाळीची जुनी नियमावली होती. "हं," म्हणाले, "हिचा एवढाच उपयोग." मग माप झालं.

इक्बालभाई डोकं खाजवत म्हणाले, "काका, आपको तो बावीस भी बडा है. बीस का फ्रेम होना."

"आणि मी चाळीस वर्षं चोवीसवर बसतोय तो कसा?"

"बैठते नहीं हो काका. लटकते हो."

सगळे हसले. काका हसले नाहीत. "सायकल घ्यायला गेलो तेव्हा त्या दुकानदारानेही लहानच, बावीस काढून दिली होती," ते म्हणाले. "किंमत दोन्हीला एकच. मी विचारलं, मग वरचं दोन इंच लोखंड कोणाच्या खिशात जाणार? गप्प बसला. तेव्हाच कळलं."

फ्रेम हे कपड्यासारखं असतं, जास्त मिळालं म्हणजे फायदा झाला असं नसतं, हे मी त्यांना दोनदा समजावलं. दांडीवरून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, वर चार बोटं जागा राहिली पाहिजे, हँडल इतकं लांब नको की कोपर ताठ होईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?"

तेव्हापासून ते दर रविवारी आमच्याबरोबर वरळीपर्यंत यायला लागले. व्यायामासाठी नाही, लक्ष ठेवायला. तसं त्यांनी सांगितलंच होतं.

त्यांची बसायची पद्धत बघण्यासारखी होती. डावा पाय पेडलवर, उजव्याने जमिनीवर दोन-तीन उड्या, सायकल चालू लागली की मागून टांग. उतरताना तेच उलटं. मध्ये थांबायचं झालं तर सायकल एका अंगाला कलती करायची आणि एका पायाच्या चवड्यावर बगळ्यासारखं उभं राहायचं. सीट पार खाली, दांडीला टेकलेली. तरी पेडल खाली गेलं की पाय पुरायचा नाही, म्हणून कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मागून चालवणाऱ्याला हे सगळं दिसायचं. काकांना मात्र दुखायचं ते सीटमुळे, असा त्यांचा ठाम आरोप होता. त्यांनी इतक्या सीटा बदलल्या की इक्बालभाईंच्या दुकानात त्यांचा वेगळा ढीग होता.

"सीटवाले सगळे एकमेकांना सामील आहेत," ते म्हणायचे. "मुद्दाम टोचणारी करतात. म्हणजे माणूस परत येतो."

"काका, फ्रेम मोठी आहे."

"फ्रेम कशाला टोचेल? फ्रेमवर मी बसतो का?"

नंदूने कार्बनची सायकल घेतली तेव्हाची गोष्ट. नंदू परळच्या एका विमा कंपनीत आहे, हप्त्यांची त्याला भीती नाही. फ्रेम मासळीसारखी चपटी, दांडी मागे उतरती, सीटखालचा पाइप चाकाच्या आकाराने वाकवलेला. रविवारी तो ती घेऊन आला तेव्हा लोकांनी फोटो काढले. काकांनी खिशातून नाणं काढलं आणि फ्रेमवर टकटक वाजवलं. मग आपल्या सायकलवर वाजवलं. आपली ठणठणीत वाजली. नंदूची नुसती टप् म्हणाली.

"आवाज नाही," काका म्हणाले.

"कार्बन आहे काका. वाऱ्याला कापत जाते."

"ज्याच्यातून आवाज येत नाही, त्याच्या आत काय आहे ते कळत नाही. आणि हा पाइप वाकवला कशासाठी?"

"डिझाइन आहे ते!"

"सरळ पाइप वाकवतात तो दोनच कारणांनी. एकतर अपघात, नाहीतर काहीतरी लपवायचंय." मग त्यांनी उतरत्या दांडीवरून बोट फिरवलं. "आणि हा उतार. मेल्या, फ्रेम त्रिकोणी असते. वरची दांडी जमिनीला समांतर. घराचं आढं असतं तशी. आढं उतरतं केलं तर त्याला घर म्हणतात का?"

"काका, तुमची सायकल बघून माझी आजी म्हणते, दूधवाला आला."

"म्हणू दे. दूधवाला आला तर लोक दार उघडतात. तुझी बघून सिक्युरिटीवाले हात करतात."

हे मात्र खरं होतं. वरळीला एका टॉवरच्या वॉचमनने नंदूला दोनदा अडवलं होतं. पण काकांचं म्हणणं दिसण्यापुरतं नव्हतं. आडवी दांडी म्हणजे बापईपणा, पुरुषपणा, सचोटी, पेन्शन, सगळं त्यात आलं. दांडी नसलेली ती बायकांची सायकल, आणि उतरती म्हणजे मधल्यामधली, संशयास्पद. मी चालवते ती खालच्या फ्रेमची आहे. तिच्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत; फक्त माझ्याशी बोलताना तिच्याकडे बघायचे नाहीत.

पुढच्या पावसाळ्यानंतर काका पडले. वरळीहून येताना एक बाई अचानक रस्त्यात उतरली, काकांनी ब्रेक दाबला, सायकल नेहमीसारखी कलती केली, पण चवडा जमिनीपर्यंत पोचला नाही. मी मागेच होते. सावकाश, एखादं कपाट पडावं तसे ते उजव्या अंगावर पडले. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते नंदूला फोन. "तिथला पेव्हर ब्लॉक बघून ये. फोटो काढ. मुद्दाम वर ठेवलाय." नंदू गेला, फोटो काढून आला. ब्लॉक सपाट होता. फोटो बघून काका म्हणाले, "आता सारखा केला असेल."

त्यांना घरी आणलं तेव्हा त्यांची मुलगी सुजाता महिनाभर राहिली. ती ठाण्याला असते, शाळेत शिकवते. वडिलांना ती अहोजाहो करते, पण ऐकून घेत नाही. डॉक्टरांनी तिच्यादेखत सांगितलं होतं: चालणं हळूहळू सुरू करा, सायकलला हरकत नाही, उलट ती चांगलीच, पण टांग टाकायची नाही. उजवा पाय तेवढा वर न्यायचाच नाही.

सुजाताने त्यातलं शेवटचं वाक्य धरलं. "बाबा, सायकल विकायची आणि माझ्याकडे यायचं. इथे तुमच्याकडे बघणारं कोण आहे?"

"तुका काय वाटता, मी पांगळो झालंय?" काका रागावले की मालवणीवर यायचे.

"पुन्हा पडलात तर व्हाल."

काकू गेल्यापासून काकांचं जग सायकलच्या टप्प्यात होतं. चालत ते फार लांब जायचे नाहीत, बसमध्ये त्यांचा कंडक्टरवर विश्वास नव्हता. सायकल सुटली तर हा माणूस खिडकीत बसून राहणार, आणि मग एक दिवस ठाण्याच्या खिडकीत. हे त्यांना कळत होतं आणि आम्हालाही. काका पुन्हा सायकलवर बसणार की नाही, एवढाच प्रश्न होता.

चार महिन्यांनी काकांनी जाहीर केलं की ते रोज सकाळी सायकल चालवतात. डॉक्टरांना सांगितलं, सुजाताला फोनवर सांगितलं, मलाही सांगितलं. "ग्रुपबरोबर नको. माझा मी जातो." सकाळी सहाला ते क्लिप लावून सायकल घेऊन फाटकातून बाहेर पडताना दिसायचे, साताला परत यायचे. चेहऱ्यावर घाम. सगळं ठीक होतं.

मला ते ठीक वाटेना. काकांच्या शेजारी राहून संशयाची लागण होतेच. मी त्यांना चिंचपोकळीच्या पुलावर पाहिलं, ते सायकल हातात धरून चालत होते. "पंक्चर," म्हणाले. चाकात हवा भरपूर होती. पुढच्या आठवड्यात भारतमाता टॉकीजच्या बाजूला दिसले, पुन्हा चालतच. "चेन पडली." चेन जागेवर होती. मग मी बघायलाच लागले. सीट नवीन होती, ते आजारी असताना इक्बालभाईंनी बसवून दिलेली, वर कंपनीचं पातळ प्लास्टिक. आपल्याकडे प्लास्टिक न काढता वस्तू वापरतात हे मला माहीत आहे. पण त्याच्यावर माणूस बसला की ते एका दिवसात चुरगळतं. काकांच्या सीटवरचं प्लास्टिक तीन आठवड्यांनीही इस्त्री केल्यासारखं होतं.

मी इक्बालभाईंच्या दुकानात गेले. दार ओढून घेतलं आणि हळूच विचारलं.

"मालूम है ताई," ते चाक फिरवत म्हणाले. "वो चढता नहीं. हाथ में लेके घूमाता है. इधर से जाता है तो घंटी भी बजाता है, चलते चलते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"आप बोले क्या?"

नंदूला विचारलं, तर त्यालाही माहीत होतं. "मी गल्ली बदलतो ना त्यांना बघून," म्हणाला. "उगाच त्यांना पंक्चर काढायला लागेल." म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याच्या खोक्यात डोकावलेल्या माणसाचं खोकं आम्ही तिघांनी उघडून बघितलं होतं आणि तिघांनीही परत बंद करून ठेवलं होतं.

पण तसं किती दिवस ठेवणार? वीस किलोचं लोखंड हातात धरून चालणं हे त्या खुब्याला चांगलं नव्हतं. इक्बालभाईंनी उपाय काढला. त्यांच्या माळ्यावर एक जुनी फ्रेम होती, वरच्या आडव्या दांडीऐवजी दोन बारीक पाइप हँडलपासून तिरके खाली थेट मागच्या चाकापर्यंत गेलेले. पूर्ण बायकांची नाही, पुरुषांचीही नाही. पाय समोरून गुडघ्याएवढा उचलला की पलीकडे. काकांच्या मापाची. त्यांनी ती काळी रंगवली, सोनेरी रेघा ओढल्या, हँडल जवळ आणि वर घेतलं, म्हणजे पाठ ताठ राहील. आम्ही तिघे खूश. रविवारी सकाळी, सुजाता आलेली असताना, सायकल काकांच्या दारात नेली.

इथे आमची चूक झाली, आणि ती चाळीत जन्म काढलेल्या माणसांनी करायला नको होती. आमच्या चाळीत व्हरांड्यात जमिनीवर काही ठेवायचं नाही असा नियम आहे. गिरण्या तिन्ही पाळ्यांत चालायच्या तेव्हा व्हरांड्यात माणसं झोपायची. सायकलींसाठी प्रत्येक खोलीसमोर तुळईला कप्पी आणि दोन आकडे लावलेले. आकडे दांडीत अडकवायचे, दोरी ओढायची, सायकल वर. झोपणारी माणसं गेली, नियम राहिला, आणि सेक्रेटरी म्हणून तो पाळायला लावते मीच.

काकांनी नवीन सायकलकडे बघितलं, तुळईकडे बघितलं आणि फक्त विचारलं, "आकडे अडकवणार कुठे?"

नंदूने डबल दांडी उतरवून भिंतीला टेकवली आणि खटपट केली. तिरक्या पाइपांवरून आकडे घसरत खाली गेले, दोरी ओढली तशी सायकल तोंड वर करून, मागचं चाक खाली लोंबकळत, गरगर फिरायला लागली. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "अरे, खाटकाकडनं आणली काय?"

काकांना आता सगळं स्पष्ट झालं होतं. "कोणी करायला सांगितलं हे? सुजाताने?"

"मी?" सुजाता उसळली. "मला तर सायकलच नकोय! दोन्ही विका. बाबा, तुम्ही चालवताच कुठे? प्लास्टिक तरी बघा त्या सीटवरचं!"

तिच्याही नजरेतून ते सुटलं नव्हतं. काकांनी सीटकडे पाहिलं नाही. आमच्याकडे एकेक करून पाहिलं, आणि आमच्या चेहऱ्यांवर जे होतं ते त्यांनी वाचलं. नाक्यावरचा माणूस होता.

मला वाटलं, संपलं. आता ते आत जातील, कडी लावतील.

काका पुढे झाले आणि त्या लोंबकळणाऱ्या फ्रेमवर नाणं वाजवलं. ठण् आवाज आला. दुसऱ्या पाइपवर वाजवलं. "लोखंड आहे," ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्याने: "उतरव रे ती. असा माल मी बघितल्याशिवाय परत पाठवत नाही. आणि बघितल्याशिवाय ठेवूनही घेत नाही. तपासणी करावी लागेल."

नंदूने सायकल उतरवली. काकांनी ती आवारात नेली. उजवा पाय सावकाश, दोन पाइपांवरून, उंबरा ओलांडावा तसा पलीकडे टाकला. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. त्याकडे त्यांनी जरा वेळ संशयानेच बघितलं. चाळीस वर्षांत सायकलवर बसून त्यांचे दोन्ही पाय एका वेळी जमिनीला लागले नव्हते. मग पेडल मारलं.

सुजाता पुढे धावली. इक्बालभाईंनी हात आडवा केला. "रहने दो बेटा. साब ड्यूटी पे हैं."

काका फाटकातून बाहेर पडले, दिसेनासे झाले. आम्ही उभेच. जवळच्या मैदानाला वळसा घालून परत आले तेव्हा कपाळावर घाम होता आणि तोंडात तक्रारी. वळताना फ्रेम लचकते, वरची दांडी नाही ना. उजव्या पेडलचा किचकिच आवाज आहे. हँडल इतकं जवळ की माणूस खुर्चीत बसल्यासारखा दिसतो. आणि सीट टोचत नाही.

"सीट टोचत नाही, ही तक्रार आहे?" मी विचारलं.

"टोचत कशी नाही? काहीतरी असणार."

सुजाता ऐकत होती. या सगळ्या तक्रारी सायकल चालवल्याशिवाय कोणाला करता येणार नाहीत, हे तिला कळलं असावं. ती आत गेली आणि पाणी घेऊन आली. पेला तिने आधी स्वतःच्या तोंडाला लावला आणि मग वडिलांना दिला. काका मुकाट्याने प्यायले.

ती तपासणी चाळीत दीड वर्ष चालली. काका रोज सकाळी जायचे, कधी वरळीला, कधी एकटेच पार कफ परेडच्या मच्छीमार नगरपर्यंत, आणि परत येऊन इक्बालभाईंच्या दुकानात एक नवीन दोष नोंदवायचे. सायकल घेतली असं त्यांनी कधी म्हटलं नाही. ठेवायची कुठे, तो प्रश्न त्यांनीच सोडवला. व्हरांड्यात नाही, खोलीत, कॉटला लागून. "नाक्यावर अडवलेला माल डोळ्यासमोर ठेवायचा असतो," म्हणाले. रात्री कुशीवर वळलं की हात पेडलला लागायचा. कोणी पाहुणा आला तर सांगायचे, "माझी नाही. तपासणीला आलीय." त्यांची डबल दांडी मात्र बाहेर तुळईला तशीच, पुसून, तेल घालून. लोकांना ती दिसायची. तेवढं त्यांना पुरत होतं.

दिसण्याचं म्हणाल, तर एक गोष्ट मी सांगितली पाहिजे. जुन्या सायकलवर लटकणारे काका या सायकलवर उंच दिसायचे. पाठ ताठ, खांदे सैल, मान वर. भायखळ्याच्या बाजूने येताना मी एकदा त्यांना ओळखलंच नाही. वाटलं, कोणीतरी निवृत्त हेडमास्तर आहे. मी हे त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मला कशाला सांगतेस? काय काम आहे?"

यंदा चाळ पुनर्विकासाला गेली. खोल्या रिकाम्या करायच्या. काका ठाण्याला जायला तयार झाले, सुजाताकडे, पण अट घालून. नेमकी कुठली ते ती सांगत नाही; मला वाटतं, सोसायटीच्या पार्किंगबद्दल काहीतरी होतं.

सामान टेंपोत चढलं त्या सकाळी सुजाता गाडी घेऊन आली होती. पुढचं दार उघडून धरलं होतं. काका बसेनात.

"टेंपोवाला कोणाच्या ओळखीचा?"

"बाबा, माझ्या शाळेतल्या शिपायाचा भाऊ आहे."

"शिपाई कोणाच्या ओळखीचा?"

टेंपो सुरू झाला. काकांनी कॉटशेजारची सायकल शेवटपर्यंत सामानात चढवू दिली नव्हती. ती बाहेर काढली, पाय पलीकडे टाकला आणि टेंपोच्या मागे निघाले. टेंपो फाटकातून वळला, मागे काका, त्यांच्या मागे सुजाताची गाडी, हॉर्न देत. मी फाटकापर्यंत धावले. लालबागच्या उड्डाणपुलाखालच्या गर्दीत टेंपो हळू झाला, काकांनी दोन्ही पाय टेकले, टेंपोच्या मागच्या फळीवरची दोरीची गाठ ओढून बघितली, आणि पुन्हा पेडल मारलं. ताठ पाठ, उजव्या पायाला क्लिप. दादरच्या दिशेने दिसेनासे होईपर्यंत मान एकदाही वळली नाही. नजर गाठीवर.

परळच्या पुढे त्यांना गाडीत बसवलं आणि सायकल डिकीत बांधली, असं सुजाताने नंतर सांगितलं. ठाण्यालाही तपासणी चालू आहे. तिथल्या तलावाभोवतीच्या रस्त्याबद्दल त्यांच्या बऱ्याच तक्रारी आहेत.

माझ्याकडे चाळ रिकामी करण्याची यादी आहे. पाण्याच्या टाक्या, मीटर, गणपतीचं मखर, नोटीस बोर्ड, झालं सगळं. तळमजल्यावर डबल दांडी अजून आकड्यांवर आहे. उतरवायला नंदू आला, दोरी हातात घेतली आणि म्हणाला, "विचारलंय ना त्यांना?" इक्बालभाई आले, चाक फिरवून बघितलं, तेल घातलं आणि गेले. मी फोन केला. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"उतरवायला कोणी सांगितलं?"

"बिल्डरने, काका. तीस तारखेच्या आत."

"त्याला काय करायचीय माझी सायकल?"

आज अठ्ठावीस.